‘फुल्ली फंडेड’मधली फुल्ली नेमकी कुठाय?

गेल्या अंकात आम्ही चार ओळींचं आवाहन छापलं होतं, की वकिली करणाऱ्यांनी आणि पीएचडीवाल्यांनी ट्रेनिंग, फेलोशिप, रिसर्च ग्रँट असल्या गोष्टींचे प्रश्न पाठवावेत. चवथीच्या दिवसांत नेवऱ्या सोडून हे कोण लिहील असं वाटलं होतं, पण प्रश्न आले आणि भरपूर आले. बरेचसे पर्वरीच्या हायकोर्टाच्या आवारात उभं राहून टाइप केलेले दिसतायत, कारण मध्येच वाक्य तुटतं आणि खाली ‘सॉरी, मॅटर कॉल झालं’. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न (पेडणे): मला एका इंटरनॅशनल कॉन्फरन्सचा ‘फुल्ली फंडेड’ म्हणून मेल आलाय, सिलेक्शन झालंय म्हणतात, पण सीट कन्फर्म करायला फी भरायची आहे. भरू का?

नको भरू बाबा.

याच्यावर मी थांबले असते, पण मी स्वतः यात पडलेली आहे म्हणून सांगते. वकिलीची सनद नवी होती, एका परदेशी कॉन्फरन्सचं पत्र आलं, स्कॉलरशिप मंजूर असं वर मोठ्या अक्षरात, आईने शेजारीपाजारी सांगून टाकलं, आणि मग कळलं की स्कॉलरशिप म्हणजे फक्त रजिस्ट्रेशनची फी माफ, तिकीट माझं, हॉटेल माझं, व्हिसा माझा. सोसायटीचं कर्ज काढून गेले. तिथे तीन दिवसांत दोन भाषणं ऐकली, एक सर्टिफिकेट आणलं आणि कर्ज दोन वर्षं फेडलं. तेव्हापासून ‘फुल्ली फंडेड’ दिसलं की मी आधी फुल्ली कुठे मारलीय ते बघते.

ब्रिटनची चेव्हनिंग, अमेरिकेची फुलब्राइट या स्कॉलरशिपच्या अर्जाला एक पैसा लागत नाही. आणि नामांकित ठिकाणीसुद्धा ‘फंडेड’चा अर्थ वेगवेगळा असतो. हेगची आंतरराष्ट्रीय कायद्याची अकादमी आहे ना, १९२३ची, पीस पॅलेसमधली, तिच्या समर कोर्सची स्कॉलरशिप चांगली असते पण विमानाचं तिकीट आपलं आपण बघायचं. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२पासून चालू आहे, मोठा मान आहे त्याला, पण ती लोन स्कॉलरशिप आहे, म्हणजे परत फेडायची. आपल्या गोवा एज्युकेशन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनचं बिनव्याजी कर्जही तसंच, व्याज नाही पण मुद्दल आहे. यात फसवणूक कुणाचीच नाही, सगळं लिहिलेलं असतं, आपणच दुसरं पान उलटत नाही.

प्रश्न (फोंडा): सनद घेऊन अडीच वर्षं झाली. सिनिअर महिन्याला पाच हजार देतात, तेही आठवण केली तर. चेव्हनिंगला दोन वर्षांचा अनुभव मागतात पण माझ्याकडे सॅलरी स्लिप नाही, अपॉइंटमेंट लेटर नाही, काहीच नाही. अर्ज करता येईल का?

येईल, आणि तुझ्यासारख्यांनी करावाच.

आधी चेव्हनिंग काय ते सांगते, बाकीच्यांनाही उपयोग होईल. ब्रिटिश सरकारची स्कॉलरशिप आहे, १९८३पासून, एका वर्षाच्या मास्टर्ससाठी. फी, राहण्याचा भत्ता, जाण्या-येण्याचं तिकीट सगळं त्यांचं, म्हणजे इथे फुल्ली खरंच नाही. अट अशी की नंतर दोन वर्षं आपल्या देशात परत येऊन राहायचं. दोन वर्षांचा अनुभव ते तासांत मोजतात, २,८०० तास, आणि इथेच तुझं काम सोपं होतं, कारण त्यांना पगार किती होता हे नकोय, काम किती केलं हे हवंय. सकाळी साडेनऊला सिनिअरच्या ऑफिसात, मग कोर्ट, संध्याकाळी परत ऑफिस, आता तूच हिशोब कर, तुझे तास केव्हाच भरलेत. सिनिअरकडून लेटरहेडवर कुठल्या तारखेपासून, आठवड्याला साधारण किती तास आणि कुठल्या प्रकारची कामं एवढं लिहून घे. तुझं नाव असलेली वकालतनामे-रोजनामे यांची फाईल आत्तापासून लावायला घे.

अर्जात चार निबंध असतात: नेतृत्व, माणसं जोडणं, तिथेच का शिकायचं आणि पुढे काय करणार. गोंयकार मुलं-मुली इथे मार खातात. सगळे लिहितात की मला समाजाची सेवा करायची आहे. अरे, कुणाची, कुठे? फोंड्याच्या कोर्टात इन्व्हेंटरी प्रोसीडिंग, म्हणजे वारसांतल्या वाटणीचं प्रकरण, चालतं, भाऊ-बहिणी वीस-वीस वर्षं भांडतात, १८६७चा पोर्तुगीज सिव्हिल कोड आणि त्यावर २०१२चा सक्सेशनचा कायदा, हे बाकीच्या भारतात कुणी बघितलेलं नसतं आणि तू रोज बघतेस. ते लिही. निवड समितीपुढे समाजसेवेचे हजार अर्ज येतात, इन्व्हेंटरीचा एकच येईल.

अर्ज साधारण ऑगस्टमध्ये उघडतात आणि पावसाळा संपता संपता बंद होतात. वयाला वरची मर्यादा नाही. सनदेला तीन वर्षं पूर्ण झाली की फुलब्राइट-नेहरू मास्टर्सची पण जाहिरात बघ, त्यात आंतरराष्ट्रीय कायद्याचा विषय असतो, मात्र दर वर्षीची जाहिरात नव्याने वाचायची, मागच्या वर्षीची पीडीएफ मैत्रिणीकडून घेऊन चालत नाही.

आणि ते पाच हजारांचं. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४मध्ये परिपत्रक काढलंय, ज्युनिअरला शहरात २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये महिना द्यावेत असं. शिफारस आहे, सक्ती नाही. तरी प्रिंट काढून सिनिअरच्या टेबलावर विसरून यायला हरकत नाही.

प्रश्न (म्हापसा): रेफरन्स लेटर मागितलं की आमचे सर म्हणतात तूच लिही, मी सही करतो. हे बरोबर आहे का?

बरोबर नाहीये, पण सगळीकडे हेच चालतं. यात नुकसान तुझंच होतं, कारण तुझा निबंध आणि सरांचं पत्र एकाच हाताचं आहे हे वाचणाऱ्याला तिसऱ्या ओळीत कळतं. शिवाय बऱ्याच ठिकाणी पत्र थेट सरांच्या ईमेलवरून अपलोड व्हावं लागतं. म्हणून तू पत्र लिहू नकोस, एक पान टिपणं दे. कुठल्या मॅटरमध्ये तू काय ड्राफ्ट केलंस, कधी सर तुझ्यावर खूश झाले, कधी तू त्यांची चूक पकडलीस (हे जरा जपून), आणि स्कीम कशासाठी आहे ते दोन ओळीत. मग त्यांच्यासमोर चहा घेऊन बस आणि त्यांना बोलायला लाव, बोललेलं टाइप कर, दुरुस्ती त्यांना करू दे. सरांची मोडकीतोडकी पण खरी वाक्यं तुझ्या गुळगुळीत इंग्रजीपेक्षा जास्त वजनाची असतात. आणि शेवटच्या दिवशी मागू नकोस गं, सहा आठवडे आधी माग, कारण शेवटच्या आठवड्यात सर हमखास शिर्डीला असतात.

प्रश्न (म्हापसा, दुसरा वाचक): एलएलएम झालंय, वय ३२, पुरुष, जनरल कॅटेगरी. नेट परीक्षेतून मिळणाऱ्या जेआरएफची, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोशिपची, वयोमर्यादा ३० आहे म्हणजे माझा विषय संपला ना? आणि समजा जेआरएफ मिळाली तर प्रॅक्टिस चालू ठेवता येते का?

विषय संपला नाही. एलएलएम असेल तर जेआरएफच्या वयात तीन वर्षांची सूट आहे, ही ओळ माहितीपत्रकात इतकी आत दडलेली असते की वकील लोकसुद्धा, ज्यांचं पोटच अटी वाचण्यावर चालतं, ती वाचत नाहीत. बायकांना, एससी-एसटी-ओबीसींना आणि दिव्यांगांना पाच वर्षं. नेट वर्षातून दोनदा, जूनची आणि डिसेंबरची, आणि वय कुठल्या तारखेला मोजतात ते जाहिरातीत दिलेलं असतं, तेव्हा तुमच्या हातात एखाददुसरी संधी आहे, लगेच बसा.

पैसे म्हणाल तर जानेवारी २०२३पासून पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० आणि पुढे एसआरएफ, म्हणजे सिनिअर रिसर्च फेलो, झालात की ४२,०००, घरभाडं वेगळं, एकूण पाच वर्षांपर्यंत.

प्रॅक्टिसचं मात्र सांभाळून. जेआरएफ पूर्णवेळ रिसर्चसाठी आहे, सोबत दुसरं कमाईचं काम चालत नाही. ताळगांवच्या पठारावर विद्यापीठात हजेरी आणि त्याच सकाळी म्हापशाच्या कोर्टात साक्षीपुरावा हे दोन दगडांवर पाय ठेवणं आहे. सनदेचं काय करायचं ते बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाला लेखी विचारा आणि उत्तर लेखीच घ्या, ‘आमच्या ओळखीचा एक आहे तो दोन्ही करतो’ हे उत्तर नव्हे. प्रॅक्टिस सोडायची नसेल तर २०२२च्या यूजीसी नियमांत पार्ट-टाइम पीएचडी आहे, पण मग जेआरएफचे पैसे विसरा. आयसीएसएसआरची, म्हणजे सामाजिक शास्त्रांच्या संशोधन परिषदेची, डॉक्टरल फेलोशिप हा तिसरा रस्ता, रक्कम जेआरएफपेक्षा कमी पण कायदा आणि समाज असा विषय असेल तर बघण्यासारखी.

प्रश्न (मडगाव): माझा पीएचडीचा विषय कोमुनिदाद, म्हणजे गावकऱ्यांची सामाईक जमीन सांभाळणारी गोव्यातली जुनी संस्था. गाइड म्हणतात विषय फार लोकल आहे, याला बाहेरचं फंडिंग कोण देणार. विषय बदलू का?

गाइडना माझा नमस्कार सांगा आणि विषय बदलू नका. लोकल आहे म्हणूनच फंडिंग मिळेल. पर्यावरण आणि मानवी हक्क असा भलामोठा विषय घेऊन दिल्लीपासून दिसपूरपर्यंत लोक रांगेत उभे आहेत, तुमच्या रांगेत तुम्ही आणि फार तर दोन जण.

बघा, कोमुनिदादचा कागद कुठून कुठे जातो. गावकऱ्यांच्या चालीरीती पोर्तुगिजांनी १५२६मध्ये अफोंसो मेशियाच्या फोरालमध्ये, म्हणजे हक्कपत्रात, लिहून घेतल्या, आणि शेवटचा कोड १९६१चा, म्हणजे ज्या वर्षाच्या डिसेंबरात पोर्तुगीज गेले त्याच वर्षाचा. मधल्या चारशे-साडेचारशे वर्षांचे कागद काही पणजीच्या पुराभिलेखात, काही लिस्बनला तोर्रे दो तोंबो आणि आर्किव्हो इस्तोरिको उल्त्रामारिनो इथे, काही पोर्तुगीजमध्ये, काही मराठीत मोडी लिपीतले आणि जुने तर गोंयकानडी लिपीतले. हे एका माणसाच्या खिशातून होणारं काम नाही आणि ते देणाऱ्यांनाही माहीत आहे.

फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज फाउंडेशनचं ऑफिस पणजीत फोंतेन्यांसला आहे, त्यांच्या रिसर्चसाठीच्या शिष्यवृत्त्या असतात, तिथे जाऊन प्रत्यक्ष विचारा, ईमेल नको. लिस्बनचं गुलबेंकियन फाउंडेशन पोर्तुगीज संस्कृतीवर काम करणाऱ्या परदेशी अभ्यासकांना ग्रँट देतं. आणि एक ठिकाण आपल्याकडे कुणाच्या डोक्यात येत नाही ते म्हणजे फ्रँकफुर्टचं माक्स प्लांक इन्स्टिट्यूट, कायद्याच्या इतिहासाचं. स्पेन-पोर्तुगालच्या साम्राज्यात स्थानिक कायद्याचं काय झालं यावर तिथे लोक वर्षानुवर्षं बसलेत आणि बाहेरून येणाऱ्या संशोधकांना काही महिन्यांसाठी स्कॉलरशिप देतात. तुमच्या विषयाचं नाव वाचून ते खुर्चीत सरळ होऊन बसतील. देशातल्या देशात आयसीएचआर, म्हणजे भारतीय इतिहास संशोधन परिषद आहे, १९७२ची संस्था, इतिहासाच्या बाजूने प्रपोजल मांडलंत तर तिथेही जाता येतं.

पण मी प्रपोजल वाचायला बसले तर पहिला प्रश्न विचारीन, पोर्तुगीज येतं का? आजीला येत होतं हे उत्तर चालणार नाही. पणजीत कामोंइश इन्स्टिट्यूटचं भाषा केंद्र आहे, गोवा विद्यापीठात पोर्तुगीजचं शिक्षण आहे, आधी वर्षभर भाषा करा आणि मग अर्ज. मोडीचंही तेच. मी बघितलेल्या नापास प्रपोजलांत निम्म्यांना कारण एकच होतं, कागद कुठल्या भाषेत आहेत आणि तू ते कसे वाचणार, याचं उत्तर कुठेच नव्हतं.

प्रपोजलमध्ये कोमुनिदादचा सगळा इतिहास सांगत बसू नका. एक गाव घ्या, एक वाद घ्या, शेतजमिनीच्या लिलावाचा घ्या नाहीतर झोनाचा, म्हणजे नफ्याच्या वाटपाचा घ्या, पुरुष वंशजांनाच झोन का, हा नुसता एक प्रश्न घेतलात तरी तीन वर्षं पुरेल.

प्रश्न (सालसेत): वडिलांचा जन्म १९६१च्या आधीचा, घरात सगळ्यांचं पोर्तुगीज पासपोर्टचं चाललंय. मी पण केलं तर इथल्या स्कॉलरशिपवर परिणाम होईल का?

होईल, आणि मोठा होईल. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वतःहून घेतलं की १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९प्रमाणे भारतीय नागरिकत्व जातं. मग भारतीय म्हणून चेव्हनिंग गेलं, फुलब्राइट-नेहरू गेलं. आणि तुम्ही वकील आहात ना, अॅडव्होकेट्स अॅक्टच्या कलम २४मध्ये भारतीय नागरिकत्वाची अट आहे, म्हणजे सनदेचाच प्रश्न. उलट बाजूने युरोपात युरोपियन म्हणून फी कमी पडते, तिथली दारं उघडतात, हेही खरं. म्हणजे हा स्कॉलरशिपचा निर्णय नाहीच, आयुष्य कुठे काढायचं याचा निर्णय आहे, तो काकाच्या मुलाने केला म्हणून करू नका. लिस्बनला नुसती जन्मनोंद झालेली असली तरी फॉर्मवरच्या नागरिकत्वाच्या रकान्यात काही लपवू नका, आधी या विषयातल्या वकिलाला कागद दाखवा. लपवलेलं निघालं तर स्कॉलरशिपच्या पलीकडची कटकट होते.

प्रश्न (साखळी): मी सरकारी कॉलेजात शिकवते. परदेशी संस्थेने पंधरा दिवसांच्या ट्रेनिंगला बोलावलंय, सगळा खर्च त्यांचा. खात्याचं एनओसी पुरेल का?

एकट्या एनओसीवर थांबू नका. सरकारी नोकराने परदेशी पाहुणचार घ्यायचा तर एफसीआरए, म्हणजे २०१०चा परकीय देणग्यांचा कायदा, त्याच्या कलम ६खाली केंद्रीय गृहखात्याची परवानगी लागते, फॉर्म एफसी-२, ऑनलाइन. प्रवासाच्या निदान दोन आठवडे आधी अर्ज जायला हवा, मी म्हणेन निमंत्रण आलं त्याच दिवशी बसा. खात्याची फाईल टेबलावरून टेबलावर कशी चालते ते तुम्ही मला सांगायला नको.

प्रश्न (वास्को): आमची बायकांना कायदेशीर मदत करणारी छोटी संस्था आहे. परदेशी ग्रँट दुसऱ्या रजिस्टर्ड संस्थेच्या खात्यातून घेऊन चालेल का?

अजिबात नाही. २०२०च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेले परदेशी पैसे दुसऱ्या संस्थेला देता येत नाहीत, रजिस्टर्ड असली तरी. स्वतःचं एफसीआरए काढायचं तर संस्था तीन वर्षं जुनी आणि मागच्या तीन वर्षांत कामावर १५ लाख खर्च केलेले दाखवावे लागतात, खातं दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत. तुमच्या आकाराला सध्या देशातलाच पैसा बघा.

प्रश्न (केपे): मी वेळीप समाजाची, घरातली पहिली वकील. वनहक्काचे दावे भरून देते, फुकटच. मला या सगळ्यातलं काही मिळण्यासारखं आहे का? इंग्रजी बरं आहे, ग्रेट नाही.

बाये, या अंकातलं सगळ्यात भक्कम प्रोफाइल तुझं आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाची इंडिजिनस फेलोशिप आहे, १९९७पासून, काही आठवडे जिनिव्हाला, प्रवास-राहणं-जेवण त्यांचं. डिग्री कुठली हे ते फारसं बघत नाहीत, तू तुझ्या समाजातली आहेस का, त्यांच्यात काम करतेस का आणि परत जाऊन शिकवशील का, हे बघतात. भारत सरकारची भूमिका अशी की इथले सगळेच मूळनिवासी, त्यामुळे ‘इंडिजिनस’ शब्द आपल्या कागदांवर येत नाही, पण गावडा, कुणबी, वेळीप यांना २००३मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळालाय, तो दाखला आणि तुझ्या समाजाच्या संस्थेचं शिफारसपत्र एवढं जोड. किती दावे भरलेस, किती अडकले, का अडकले, हे आकड्यात लिही. हे तुझ्याकडे आहे, दिल्लीतल्या कन्सल्टंटकडे नाही.

पुढे पीएचडी करायची झाली तर आदिवासी मंत्रालयाची नॅशनल फेलोशिप, वर्षाला ७५० जणांना, आणि परदेशात शिकायला नॅशनल ओव्हरसीज, तिच्या जागा मात्र फक्त २०. राज्याची मनोहर पर्रीकर गोवा स्कॉलर्स योजनाही बघ, उच्च शिक्षण संचालनालय पर्वरीलाच आहे, हायकोर्टात आलीस की तिकडूनच जा. फुकट काम करतेस ते करच, फक्त त्याची वही ठेव. तारीख, गाव, काय केलं.

प्रश्न (डिचोली): वय ५१, पंचवीस वर्षं सिव्हिल प्रॅक्टिस, मुलं बाहेर. आता मला काही शिकायची हौस आलीय. हसू नका.

हसत नाहीये हो सर. वायपोचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या बौद्धिक संपदा संघटनेचा, डीएल-१०१ कोर्स ऑनलाइन आणि फुकट आहे, त्यापासून सुरू करा, काजूच्या फेणीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, कसा मिळाला ते नीट कळेल. संयुक्त राष्ट्रांची आंतरराष्ट्रीय कायद्याची व्हिडिओ लायब्ररीही फुकट. आणि तुमचं पत्र इतकं सुंदर मराठीत आहे म्हणून सुचवते, न्यू इंडिया फाउंडेशनची भाषांतराची फेलोशिप असते, भारतीय भाषांतली वैचारिक पुस्तकं इंग्रजीत आणण्यासाठी, ६ लाख रुपयांची, आणि त्या भाषांत मराठी आहे. नमुन्याची पानं मागतात. दिवाणी दाव्यातला पंचवीस वर्षांचा पाल्हाळ मात्र त्यात उतरू देऊ नका, पहिला खर्डा झाला की पाठवा, मी लाल पेन घेऊन बसते.